काढ्याचे ऋण

सर्दी-तापात गवती चहा, तुळस वा अडुळसा यांचा काढा देण्याची रीत आपल्या घरोघरी आहे. उत्तर अमेरिकेच्या थंड अरण्यांत हेच काम सूचिपर्णी वृक्षांची सदाहरित पाने करीत आली आहेत. त्या काढ्याची कथा आज आम्ही सांगणार आहोत.

इ. स. १५३५ च्या हिवाळ्यात झाक कार्त्ये या फ्रेंच दर्यावर्द्याची गलबते आजच्या क्वेबेक शहराजवळ बर्फात अडकली. ताजी फळे व भाजीपाला नसल्याने खलाशांस स्कर्व्ही हा रोग जडला. हिरड्या सडल्या, पाय सुजून काळे पडले. सुमारे ११० पैकी २५ जण दगावले. कार्त्येने पवित्र मरियेची प्रतिमा एका झाडापाशी ठेवविली. ज्यांना चालवत होते ते पश्चात्तापाची स्तोत्रे गात बर्फातून तेथवर गेले.

प्रार्थनेचे उत्तर आले ते दोमागाया नामक तद्देशीय तरुणाच्या मुखातून. तो स्वतः याच रोगातून उठला होता. त्याने दोन स्त्रियांकरवी ‘अनेद्दा’ वृक्षाच्या फांद्या आणविल्या. साल व पाने उकळून तो काढा दिवसाआड प्यावा आणि चोथा सुजल्या पायांवर बांधावा, असे त्याने सांगितले. प्रथम कोणी धजेना. एकदोघांस उतार पडताच मात्र आठ दिवसांत एक मोठा वृक्ष संपला! तो वृक्ष कोणता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु गुण होता तो पानांतील ‘क’ जीवनसत्त्वाचा.

कार्त्येने हा ईश्वरी चमत्कार मानला. पुढे मे १५३६ मध्ये त्याने दोमागाया, त्याचा भाऊ व त्यांचे वडील दोन्नाकोना यांस इतरांसह बळाने फ्रान्सला नेले. त्यांपैकी कोणासही पुन्हा मायदेश दिसला नाही. देवाचे आभार मानले गेले. ज्या हातांनी देवाने कृपा पाठविली, ते हात बांधले गेले.

सुईसारखी पाने दिसली म्हणून मात्र कोणी ती उकळू नयेत. यू वृक्षाची पाने विषारी असतात. आपणांस आवळा, पेरू व लिंबू पुरेसे आहेत.

आपण पुरते शिकावे ते कृतज्ञता. ज्या परधर्मी शेजारणीने आपल्या घरच्या आजारात रात्र जागून काढली, तिच्याशीच आज विहिरीच्या पाण्यावरून अबोला असेल, तर येत्या रविवारी मिस्साला निघण्यापूर्वी तिच्या दारी जाऊन यावे, अशी आमची विनंती आहे.