मायलेकरू : दोनच्या ठोक्याला उठणारे बाळ

कार्तिकात कौंडण्यपूरला यात्रा भरते. वर्धा नदीच्या काठचे हे गाव म्हणजे रुक्मिणीमातेचे माहेर. आषाढीला येथून तिची पालखी पंढरपूरला जाते. यंदा यात्रेला गेले होते. दर्शन झाल्यावर ओळखीच्या एका घरी चहाला थांबले.

घरात कापूस वेचणीची धांदल होती. ओसरीत कापसाचा ढीग, अंगणात बैलगाडी. सून चुलीपुढे भाकरी थापत होती आणि थापता थापता पेंगत होती. तव्यावरची भाकर जळून धूर निघाला, तेव्हा कुठे ती दचकली. मला वाटले, आता सासूबाई बोलणार. पण त्या म्हणाल्या, "बाई, तिची काही चूक नाई. लेकरू तिले रातभर झोपूच देत नाई. एखाद्या दिवशी चुलीत हात जाईन तिचा, असं भेव वाटते मले."

बाळ आठ महिन्यांचे, गुटगुटीत. अंगणवाडीच्या कार्डावर वजन बरोबर भरत होते. ताप नाही, खोकला नाही. पण रात्री चार-चार वेळा उठायचे. त्यातले एक उठणे तर दोनच्या ठोक्याला. घड्याळ बघायची गरज नाही. सुनेला पहाटे पाचला उठून स्वयंपाक करून वेचायला जायचे असते.

आणि फडताळात एक बाटली होती. शेजारणीने दिलेली सर्दीच्या औषधाची उरलेली अर्धी बाटली. "चमचाभर पाज, सकाळपर्यंत हूं की चूं करणार नाही," असे शेजारीण म्हणाली होती. बाटली अजून उघडली नव्हती. मी ती आधी मागून घेतली आणि मग बोलायला बसले. आज जे लिहिते आहे, ते त्या ओसरीवरचेच बोलणे आहे.

औषधाने आलेली झोप ही झोप नव्हे

लेकराला गुंगी देऊन निजवण्याची रीत जुनी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बाया पाळीवर जाताना बाळाला अफूची 'बाळागोळी' देत. १९२२ साली मुंबई सरकारच्या एका डॉक्टरीणबाईंनी गिरणीतल्या बायांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक बाळांना अफू दिली जाते असे त्यांनी नोंदवले. त्या आया दुष्ट नव्हत्या. कामाला गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती आणि लेकरू सांभाळायला कोणी नव्हते. पण अफूने श्वास मंद होतो. मात्रा तिळभर चुकली तर लेकरू पुन्हा उठत नाही.

आज अफूची गोळी गेली, तर तिच्या जागी सिरपची बाटली आली. आपल्या अमरावती जिल्ह्यापासून जवळच मध्य प्रदेशातला छिंदवाडा जिल्हा आहे. तेथे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या दूषित सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक लेकरे दगावली. उपचारासाठी कितीएक लेकरांना नागपूरला आणले होते. त्यानंतर केंद्र सरकारने बजावले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत. ती लेकरे खोकल्यासाठी औषध घेत होती. आपण तर नुसती झोप यावी म्हणून देतो! तेव्हा झोपेसाठी सिरप नाही, अफू नाही, दारूचे बोट नाही. वर्षाच्या आत मधाचे बोटही नको. मधातून बाळाला क्वचित फार भयंकर विषबाधा होते.

भूक की सवय?

पहिले सहा महिने बाळ रात्री उठते ते भुकेने. त्याचे पोट लहान, अंगावरचे दूध लवकर पचते. दिवस कोणता आणि रात्र कोणती, हेही त्याला दोन-तीन महिन्यांनंतरच थोडेथोडे कळू लागते. या वयात त्याला मागेल तेव्हा पाजावे. सवय मोडण्याच्या भानगडीत पडू नये.

सहा महिन्यांनंतर मात्र दोन प्रकारचे उठणे असते. भुकेचे उठणे कधी बाराला, कधी तीनला. बाळ पोटभर पिते, घटाघट आवाज येतो. सवयीचे उठणे ठरल्या वेळेला. बाळ दोन घोट घेते आणि तोंडात धरूनच झोपी जाते. तीन रात्री नीट बघा. आपल्या बाळाचे उठणे कोणत्या प्रकारचे, ते तुमचे तुम्हालाच कळेल.

शेतात जाणाऱ्या आयांनी आणखी एक गोष्ट तपासावी. सकाळी सातला गेलेली आई संध्याकाळी सहाला येते. दिवसभर बाळाला अंगावरचे मिळत नाही, मग ते सगळी कसर रात्री भरून काढते. ही खोडी नव्हे, तो त्याचा हिशोब आहे. अशा बाळाचे दूध रात्री तोडू नका, दिवसा वाढवा. निघताना पोटभर पाजा. शेत जवळ असेल तर दुपारी बाळाला बांधावर आणवा, नाहीतर घरी येऊन पाजून जा. दूध काढून स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात थंड जागी ठेवले, तर चार तास टिकते. उन्हाळ्यात त्याहून कमी. ते वाटी-चमच्याने द्यावे, बाटलीने नको. आणि सहा महिने झाले की दिवसातून दोन-तीनदा मऊ वरणभात, खिचडी, थोडे तूप घालून द्यावे. दिवसा पोट भरले की रात्रीची मागणी आपोआप घटते.

दोनचे गुपित

कौंडण्यपूरच्या बाळाला सासूबाई दिवसा चारीठाव भरवत होत्या. भुकेचा प्रश्न नव्हता. मग दोनलाच का? मी विचारले, "दोन वाजता घरात काय होते?" सून म्हणाली, "काही नाई बाई, सारे झोपून राह्यतात." जरा थांबून तिलाच आठवले. दसऱ्यानंतर पावसाने ताण दिला होता. कपाशीला आणि तुरीला विहिरीचे पाणी चालू होते, आणि त्या दिवसांत मोटारीची लाईन रात्रीची होती. बाळाचे बाबा दोनच्या सुमारास उठत. टॉर्च लागायची, दाराची कडी वाजायची, कुत्रे भुंकायचे. बाळ दचकून उठायचे. आई बिचारी लगेच उचलून अंगावर घ्यायची.

आता लाईन दिवसाची झाली होती. बाबा रात्रभर झोपत होते. पण बाळाने दोनची वेळ धरून ठेवली होती! रोज पहाटे चारा टाकला, तर एखाद्या दिवशी आपण नाही उठलो तरी गाय चारला हंबरतेच. तसेच हे.

बाकीच्या तीन वेळांचे कारण वेगळे होते. सासूबाई त्याला झोळीत घालून, हलवून, गाणे म्हणून निजवत आणि गाढ झोपला की उचलून आईजवळ बाजेवर ठेवत. बाळाची झोप साधारण तासाभराच्या फेऱ्यांत चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी ते थोडे जागे होते. आपणही कूस बदलतो, पण आपल्याला ते आठवत नाही. आता विचार करा. आपण रात्री बाजेवर झोपलो आणि डोळे उघडले तर धुऱ्यावर! आपण ओरडणार नाही का? बाळाचे तसेच होते. झोपताना झोळी हलत होती, आजीचा आवाज होता. जागे झाले तर काहीच नाही. मग ते झोळी मागते, आणि त्याची मागण्याची भाषा एकच, रडणे.

एवढे एकच ध्यानात ठेवा : बाळ झोपी जाताना त्याच्याजवळ जे असते, तेच ते मध्यरात्री जागे झाल्यावर मागते.

मग करावे काय?

"मंग रडू देऊ काय त्याले?" सुनेने विचारले. नाही. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. फर्बर यांनी १९८५ साली एक पुस्तक लिहिले. बाळाला जागेपणीच अंथरुणावर ठेवावे, रडले तर जाऊन धीर द्यावा, पण दर वेळी थोडे अधिक थांबून जावे, अशी त्यांची रीत. तिकडे बाळाची खोली वेगळी असते. आपल्याकडे एका खोलीत सारे घर झोपते आणि पहाटे सर्वांना कामाला जायचे असते. त्यातला हात आखडता घेण्याचा भाग तेवढा आपल्या कामाचा. तो असा :

१. तिन्हीसांजेनंतरचा क्रम रोज एकच ठेवा. कोमट पाण्याने अंग पुसणे, भरवणे, दिवा बारीक, अंगावर पाजणे, अंगाई. टीव्ही आणि मोबाईलचा उजेड त्या वेळी नको. दुपारी चारनंतर लांब झोप होऊ देऊ नका. सकाळी मात्र कोवळ्या उन्हात न्या.

२. डोळे जड झाले, पण मिटले नाहीत, अशा वेळी जेथे रात्रभर झोपायचे तेथेच त्याला ठेवा. जवळ बसा, पोटावर हात ठेवा, आजीने तेच गाणे म्हणावे. झोळी दिवसा, डोळ्यांसमोर. तीत मान वाकून हनुवटी छातीला टेकते, म्हणून रात्रीच्या झोपेला झोळी नको.

३. रात्री कुरकुरले की लगेच उचलू नका. मनात शंभर आकडे मोजा. पुष्कळदा ते अर्धझोपेतच असते आणि शंभराच्या आत गप्प होते. नाही झाले तर आधी हात, मग आवाज, आणि उचलणे शेवटी. रात्रीचे एक-दोनदा पाजणे वर्षभर चालू राहिले तरी काही बिघडत नाही.

४. ठरल्या वेळेच्या उठण्याला एक युक्ती आहे. बाळ दोनला उठत असेल, तर दीडलाच तुम्ही त्याला हलकेच चाळवा. कूस बदला, थोपटा, हवे तर दोन घोट पाजा. पुरते जागे करू नका. ते परत झोपेल, आणि झोपेची नवी फेरी सुरू झाल्याने दोनची वेळ बहुधा झोपेत निघून जाईल. सात-आठ रात्री असे करा, मग एक रात्र सोडून, मग दोन सोडून. परदेशात यावर अभ्यास झाले आहेत आणि पुष्कळ मुलांना गुण येतो. काहींना येत नाही, तर खंत करू नका.

५. घरात एकमत हवे. आईने शंभर मोजायचे आणि आजोबांनी पन्नासाला उचलायचे, असे झाले तर बाळ गोंधळते. पहिल्या तीन-चार रात्री रडणे वाढेल, हे सर्वांनी आधीच जाणावे.

दीडला कोणी उठायचे, यावर त्या घरात जरा शांतता पसरली. मी बाळाच्या बाबांकडे पाहिले. "मोटारीसाठी उठता, तसे आठ रात्री लेकरासाठी उठा," म्हटले. ते हसले आणि त्यांनी मोबाईलवर गजर लावला.

झोपवताना सांभाळा

बाळाला पाठीवर निजवा. उशी नको, तोंडावर गोधडी नको. मच्छरदाणी लावा. थंडी आहे म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिचा वायू दिसत नाही, पण जीव घेतो. दारू प्यालेल्या माणसाने बाळाशेजारी झोपू नये. फवारणी करून आलेल्याने अंघोळ करून, कपडे बदलून मगच बाळाला घ्यावे.

आणि पोट फुगून बाळ रडत असेल तर डागणे नको. मेळघाटात अजूनही कुठे कुठे तापल्या विळ्याने पोटावर डाग देतात. त्याने दुखणे जात नाही, जखम मात्र होते.

ताप, धाप, वारंवार उलटी, कान ओढणे, तोंडाने श्वास घेणे किंवा वजन न वाढणे, यातले काही असेल तर ही सवय नव्हे. बाळाला डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असले तरी बाळाची झोप बिघडते. सहा महिन्यांनंतर लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा सरकारतर्फे मिळते. आशाताईला विचारा. ती घरी येतेच, जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरल्या दिवशी आणि पुढे तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा महिन्यांनी. तिच्याशी बाळाच्या झोपेचेही बोला.

परवा कौंडण्यपूरहून निरोप आला. दोनचे उठणे नवव्या रात्रीपासून बंद झाले. आता एकदाच उठतो, चारच्या सुमारास, आणि पोटभर पितो. ती भूक आहे, तेव्हा पिऊ द्यावे. सून सलग पाच तास झोपते. सासूबाईंनी एक वाक्य मुद्दाम कळवायला सांगितले होते : "बाईले सांगजा, आता भाकर जळत नाई."

भगिनींनो, लेकराची झोप हे एकट्या आईचे काम नव्हे. ती झोपली तर घर नीट चालते. तुमच्या बाळाच्या झोपेविषयी काही अडचण असेल तर या पानाच्या पत्त्यावर लिहा. बाळाचे वय, वजन आणि उठण्याच्या वेळा अवश्य कळवा.

पुढच्या अंकात : दात येताना होणारे जुलाब खरोखर दातांचे असतात का?