जुलैची यादी

अमेरिकन टीव्हीच्या एमी पुरस्कारांचा सोहळा होतो सप्टेंबरात, पण आम्हा मालिकावेड्यांचा जीव टांगणीला लागतो तो जुलैत. नामांकनं जाहीर होतात तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये सकाळचे साडेआठ, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे नऊ; ऐन मालिकांची वेळ. मुख्य सोहळा आपल्या पहाटे साडेपाचला असतो आणि तो चुकला तर मला फारसं वाईट वाटत नाही. यादी मात्र चुकवत नाही. पुरस्कार कुणा एकालाच मिळणार, हे चाहत्याला पक्कं ठाऊक असतं. हरलेल्याबद्दल निदान ‘चुरशीत होता’ असं म्हणता येतं. यादीतच नाव नसलं तर काय म्हणणार?

‘बेटर कॉल सॉल’मधली किम वेक्सलर आठवा. मागे घट्ट बांधलेले केस, मोजकं बोलणं, पार्किंगच्या भिंतीला टेकून नायक जिमीबरोबर एकच सिगारेट वाटून ओढणं. ऱ्हिया सीहॉर्नने ही वकीलबाई अशी उभी केली की तिच्या गप्प बसण्यातूनही पुढचं संकट दिसायचं. मालिका आली 2015 मध्ये. पाच सीझन झाले, मालिकेला नामांकनं मिळत राहिली, जिमी झालेल्या बॉब ओडनकर्कचं नाव येत राहिलं. किमचं काही येईना. आलं ते 2022 मध्ये, मालिका संपता संपता. या मालिकेला एकूण 53 नामांकनं मिळाली आणि पुरस्कार शून्य, हा विक्रम लोक हळहळून सांगतात. मला त्या शून्याचं तितकंसं काही वाटत नाही. त्रेपन्न वेळा कुणीतरी दखल घेतली होती. किमची ती कोरी वर्षं मला जास्त लागतात. ‘द वायर’चं तर त्याहून वाईट: बाल्टिमोर शहराची पोलिसांपासून शाळांपर्यंत चिरफाड करणारे पाच सीझन, आणि नामांकनं दोन. दोन्ही लेखनासाठी. त्यातल्या एकाही नटाचं नाव कधी आलं नाही.

हे असं का होतं? नाव आपोआप यादीत जात नाही, हे त्याचं एक कारण. 1 जून ते 31 मे या काळात दाखवलेलं काम प्रवेशिका भरून, शुल्क भरून पाठवावं लागतं. कोणत्या विभागात लढायचं तेही ठरवावं लागतं. नटांना नट मतं देतात, लेखकांना लेखक. मतदारांचं लक्ष वेधायला लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर होर्डिंगं झळकतात. महापालिका निवडणुकीतले आपले भावी नगरसेवक शोभावेत इतकी. ज्याच्यामागे पैसेवाला निर्माता नाही, त्याचं काम मतदार बघणार कधी?

विभाग निवडण्यातली चलाखी तर मला सर्वांत खुपते. ‘द बेअर’ ही शिकागोतल्या एका सँडविचच्या दुकानाची, भावाच्या आत्महत्येनंतरच्या घुसमटीची मालिका. तिच्यातल्या ‘फिशेस’ या भागात नाताळच्या जेवणावर आई कोसळते, भांडीकुंडी फुटतात आणि शेवटी ती गाडी थेट घरात घुसवते. हा भाग मी श्वास रोखून पाहिला. त्यातल्या आईसाठी जेमी ली कर्टिसला 2024 मध्ये एमी मिळाली: विनोदी मालिकेतील पाहुणी अभिनेत्री म्हणून! त्या वर्षी ‘द बेअर’ची 23 नामांकनं होती, विनोदी मालिकांमधला तोवरचा उच्चांक. सर्वोत्कृष्ट विनोदी मालिका ‘हॅक्स’ ठरली तेव्हा मी एकट्याने टाळ्या वाजवल्या. निदान तिथे हसू तरी येतं. खरा राग त्या अनाम विनोदी नटांसाठी, ज्यांच्या जागा या रडारडीने अडवल्या.

एवढं सगळं असूनही मला त्या यादीचा हेवा वाटतो, कारण आपल्याकडे रागवायलाही यादी नाही. झी मराठी आपल्या मालिकांना पुरस्कार देते, स्टार प्रवाह आपल्या ‘परिवारा’ला. सर्वोत्कृष्ट सासू, सून, जोडी, कुटुंब... विभाग इतके आणि मालिका इतक्या मोजक्या की रिकाम्या हाताने घरी जायला खास कर्तृत्व लागावं. जिथे कुणी वगळलंच जात नाही, तिथे निवडलं गेल्याचं कौतुक काय? मटा सन्मानसारख्या ठिकाणी वाहिन्यांच्या भिंती ओलांडल्या जातात हे खरं, पण त्या नामांकनांवरून घराघरांत वाद झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि वाद व्हायला हवे होते. 2020 मध्ये नवऱ्याने फसवलेल्या दोन बायका एकाच वेळी दोन वाहिन्यांवर उभ्या राहत होत्या. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली मसाल्यांचा उद्योग उभारणारी राधिका, आणि ‘आई कुठे काय करते’मधली, संसारात स्वतःचं गाणं मागे टाकलेली अरुंधती. अनिता दाते खणखणीत, मधुराणी प्रभुलकर आतल्या आत सोसणारी. एकाच दुखण्याचे दोन अभिनय. वाहिन्यांच्या सोहळ्यांत या दोघी समोरासमोर येणं शक्यच नव्हतं. माझं मत तेव्हाही अरुंधतीला होतं. आमच्या घरातली बाकीची सगळी मतं राधिकाला.