घड्याळाकडे कोणी पाहिले?

२०१९ च्या जुलै महिन्यात आपल्या देशात सोन्याचा पाऊस पडला. हिमा दास या एकोणीस वर्षांच्या मुलीने १९ दिवसांत पाच सुवर्णपदके जिंकली. २ जुलैला पोलंडमधील पोझनान, ७ ला कुटनो, मग चेक प्रजासत्ताकात १३ ला क्लाद्नो, १७ ला ताबोर आणि २० ला नोव्हे मेस्तो. पंतप्रधानांपासून सिनेनटांपर्यंत सर्वांनी तिचे अभिनंदन केले. 'सुवर्णकन्या' हा शब्द मथळ्यांतून झळकू लागला. टोकियो ऑलिम्पिक वर्षभरावर आले होते, तेव्हा तिथले एक पदक आपण मनातल्या मनात जमाही करून टाकले. त्या पाच शर्यती धावायला हिमाला वेळ किती लागला, हे मात्र अभिनंदन करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगता आले असते.

तो वेळ असा होता. २०० मीटरच्या चार शर्यतींत अनुक्रमे २३.६५, २३.९७, २३.४३ आणि २३.२५ सेकंद. तिची स्वतःची त्याआधीची सर्वोत्तम वेळ २३.१० होती, म्हणजे चारपैकी एकाही शर्यतीत ती स्वतःला मागे टाकू शकली नव्हती. पाचवी शर्यत तिच्या हुकमी अंतराची, ४०० मीटरची. तिथे वेळ लागला ५२.०९. त्याच वर्षी दोह्याला होणाऱ्या जागतिक स्पर्धेची पात्रता ५१.८० होती. आणि या शर्यतीत दुसरी आली व्ही. के. विस्मया, तिसरी सरिताबेन गायकवाड. दोघीही भारतीय, दोघीही तिच्याच संघातल्या.

हे आकडे कोणी दडवलेले नव्हते. काही मोजक्या क्रीडापत्रकारांनी त्याच आठवड्यात ते छापले आणि या स्पर्धा युरोपातल्या लहान स्पर्धा आहेत, हेही लिहिले. पण वरातीत हिशेबाचे कागद कोण वाचणार?

यात हिमाचा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेत पाठीच्या दुखण्यामुळे तिला ४०० मीटरची प्राथमिक फेरी अर्धवट सोडावी लागली होती. दुखण्यातून उठलेला धावपटू एकदम मोठ्या शर्यतीत उतरत नाही. तो आधी कमी अंतराच्या, कमी दर्जाच्या स्पर्धांत पाय मोकळे करतो, शरीर काय म्हणते ते पाहतो. युरोपातला तो महिना म्हणजे मुख्यतः सराव होता आणि तो तिने नीट पार पाडला. त्याच दिवसांत आसामात पूर आला, तेव्हा आपला अर्धा पगार तिने मुख्यमंत्री निधीला दिला. मुलगी आपले काम करीत होती. सरावाला पराक्रम म्हटले, ते आपण.

तिचा खरा पराक्रम वर्षभर आधीच होऊन गेला होता. नगाव जिल्ह्यातल्या धिंग परिसरातील भातशेती करणाऱ्या कुटुंबातली ही मुलगी गावच्या मैदानात मुलांबरोबर फुटबॉल खेळायची. निपोन दास या प्रशिक्षकाने तिचे पाय हेरले, घरच्यांची समजूत काढून तिला गुवाहाटीला आणले. त्यानंतर जेमतेम दीड-दोन वर्षांत, एप्रिल २०१८ मध्ये ती गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४०० मीटरच्या अंतिम फेरीत सहावी आली. वेळ ५१.३२. तीन महिन्यांनी फिनलंडमधील तांपेरे येथे वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत शेवटच्या सरळ पट्ट्यात एकेकीला मागे टाकत तिने ५१.४६ सेकंदांत सुवर्ण मिळवले. धावण्याच्या शर्यतीत कोणत्याही वयोगटाचे जागतिक सुवर्ण भारताला त्यापूर्वी मिळालेले नव्हते. आणि ऑगस्टमध्ये जकार्ताला तिने मंजित कौरचा ५१.०५ चा, १४ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम आधी ५१.०० आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत ५०.७९ असा दोनदा मोडला.

हे ५०.७९ म्हणजे हिमाच्या तरुण कारकिर्दीचे शिखर. पण जकार्तात त्याला रौप्य मिळाले, कारण बहरीनची साल्वा ईद नासेर ५०.०९ मध्ये धावली. नोव्हे मेस्तोचे ५२.०९ त्याहून १.३० सेकंदांनी संथ. त्याला सुवर्ण मिळाले. आपण कोणत्या शर्यतीवर अधिक नाचलो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

माझी नोकरी बँकेत झाली, म्हणून मला हा प्रकार ओळखीचा वाटतो. मार्चअखेर जवळ आला, की शाखांमध्ये ठेवी फुगू लागत. ओळखीचे व्यापारी गळ घातल्यावर ३१ तारखेला मोठी रक्कम ठेवत आणि एप्रिल उजाडताच काढून नेत. त्या एका दिवसाच्या आकड्यावर अभिनंदनाचे पत्र येई, शाखेत पेढे वाटले जात. खरी पंचाईत पुढेच असे. नव्या वर्षाचे उद्दिष्ट त्या फुगलेल्या आकड्यावरून ठरे आणि ते गाठण्याचा घोर, वरिष्ठांची बोलणी, हे सारे अनेकदा अशा कोणाच्या तरी वाट्याला येई, ज्याने तो फुगवटा केलेलाच नसे.

हिमाच्या बाबतीत नेमके हेच झाले. फुगवटा आपण केला, उद्दिष्ट तिच्या नावावर चढले. सप्टेंबर २०१९ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे ती दोह्याच्या जागतिक स्पर्धेला मुकली. तिथे महिलांच्या ४०० मीटरची शर्यत ४८.१४ मध्ये जिंकली गेली; जिंकणारी पुन्हा तीच नासेर. जून २०२१ मध्ये पतियाळात हिमाच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि टोकियोही हुकले. मग सुरू झाले, 'कुठे गेली ती पाच सुवर्णांची मुलगी?' पुढच्या काळात राष्ट्रकुलच्या अंतिम फेरीत थोडक्यात हुकलेला प्रवेश आला, चाचण्यांसाठी ठावठिकाणा कळवण्याच्या नियमावरून २०२३ मध्ये झालेले निलंबन आले. त्याची चर्चा अवश्य व्हावी. पण तिच्याविषयीच्या निराशेतला मोठा भाग जुलै २०१९ मध्ये आपणच पेरलेला होता.

आणि विस्मया? नोव्हे मेस्तोची ही दुसरी मुलगी त्याच सप्टेंबरात दोह्याला मिश्र रिलेत धावली. भारतीय संघ जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत सातवा आला आणि टोकियोची पात्रता मिळवून परतला. किती घरांत तिचे नाव घेतले गेले?

यावर कोणी म्हणेल, क्रिकेटवेड्या देशात एका शेतकऱ्याच्या मुलीचे कौतुक झाले तर तुमचे काय बिघडले? कौतुक जरूर व्हावे. पण ज्या क्रिकेटचे आपल्याला वेड आहे, तिथे आपण इतके भोळे असतो का? मुंबईतल्या कांगा लीगमधले शतक आणि लॉर्ड्सवरचे शतक यांतला फरक आपल्याकडचा शाळकरी पोरगाही सांगेल. खेळपट्टी कशी होती, समोर गोलंदाज कोण होते, हे विचारल्याशिवाय तो शाबासकी देणार नाही. अशी जाणकारी हाही कौतुकाचाच एक प्रकार आहे, किंबहुना वरचा प्रकार आहे. धावणाऱ्या मुलींच्या वाट्याला मात्र आपण फक्त टाळ्या देतो. आणि कधी त्याहून वाईट काही. तांपेरेला हिमा अंतिम फेरीत पोचली, तेव्हा आपल्याच ॲथलेटिक्स महासंघाने तिचे इंग्रजी फारसे सफाईदार नसल्याची टिप्पणी जाहीरपणे केली. टीका झाल्यावर माफीही मागितली. पायांकडे पाहायचे सोडून जिभेकडे पाहण्याची ही खोड!

जमैकात शालेय मुलामुलींची 'चॅम्प्स' नावाची स्पर्धा १९१० पासून चालते. किंग्स्टनचे स्टेडियम तिला ओसंडून वाहते आणि प्रेक्षकांना शाळेतल्या पोरांच्या वेळा पाठ असतात. याच किंग्स्टनमध्ये २००२ साली पंधरा वर्षांच्या उसेन बोल्टने २०० मीटरचे ज्युनिअर जागतिक सुवर्ण जिंकले. सतराव्या वर्षी तो १९.९३ मध्ये धावला. पण २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये दुखापतीमुळे पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याच्याही पाठीच्या कण्यात दोष होता. ग्लेन मिल्स या प्रशिक्षकाने घाई केली नाही. आधी शरीर बांधले, मग वेग. बीजिंगचे सुवर्ण आले ते २००८ मध्ये, ज्युनिअर सुवर्णानंतर सहा वर्षांनी. प्रत्येक हिमाचा बोल्ट होईल, असे मुळीच नव्हे. परंतु मुदत ठेव मुदतीआधी मोडली, की व्याज बुडते, एवढे तर आपल्या घरोघरी ठाऊक आहे.

आसामात, साताऱ्यात, गडचिरोलीत आजही एखादी मुलगी अनवाणी पायांनी मातीच्या मैदानावर धावत असेल. उद्या तिने पदक आणले, तर पेढे वाटण्याआधी तीन प्रश्न विचारू या. वेळ किती लागला? बरोबर कोण धावले? आणि ही शर्यत जिंकण्यासाठी होती, की सरावासाठी? उत्तर ऐकून कधी कौतुक थोडे आवरते घ्यावे लागेल; कधी पदक नसतानाही उठून उभे राहावे लागेल. हिमाच्या जकार्तातल्या ५०.७९ ला असे उभे राहणे अजून आपल्याकडे बाकी आहे.