विश्लेषण : लघवीची गळती म्हणजे ‘वयाचा भाग’ नव्हे! घरी येणारी नर्स काय बदलू शकते?

शिंक आली, पाण्याची कळशी उचलली आणि थोडी लघवी झाली. बाळंतपणानंतर अनेक महिलांना, तर उतारवयात अनेक स्त्री-पुरुषांना हा त्रास होतो. सांगत मात्र कोणी नाही. लग्नकार्य टाळले जाते, एसटीचा प्रवास नको वाटतो, पाणी पिणे कमी होते. पाणी कमी झाले की लघवी दाट होते, बद्धकोष्ठता वाढते आणि त्रासही वाढतो.

घरात कळते तेव्हा थेट डायपर आणले जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्लिनिकल डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, हे चांगलेच झाले. पण तपासणीआधीच डायपर हाती देणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून खाली बादली लावणे.

ब्रिटनमध्ये नर्स काय करते?

तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या नर्स असतात. त्या आधी प्रश्न विचारतात. चहा किती, पाणी किती, लघवी कधी, गळती कधी, याची किमान तीन दिवसांची नोंद रुग्णाकडून घेतली जाते. लघवीची तपासणी होते. औषधेही पाहिली जातात, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते.

खोकताना-शिंकताना गळती होत असेल, तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला जातो. ‘नाइस’ या तिथल्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो किमान तीन महिने, दिवसातून तीनदा आणि दर वेळी किमान आठ आकुंचने असा करायचा. गॅस रोखताना आवळले जातात, तेच हे स्नायू. श्वास रोखायचा नाही. लघवी मध्येच थांबवून रोज सराव करणेही चुकीचे. चुकीचे स्नायू आवळले जाण्याची शक्यता असते, म्हणून शिकवणारी व्यक्ती लागते. अचानक घाईची लघवी लागत असेल, तर दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवण्याचा किमान सहा आठवड्यांचा सराव असतो. एवढे करूनही गरज उरली, तर पॅड मोफत मिळतात. किती मिळतात, यावरून मात्र तिथेही कुरबुरी आहेत.

मग महाराष्ट्रात काय अडते?

केरळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पॅलिएटिव्ह सेवेतील नर्स अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन कॅथेटर बदलतात. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची काळजी आहे. समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका आहेत. तिशीपुढच्यांचा मधुमेह-रक्तदाबाचा फॉर्म भरायला आशा घरोघरी जातातच. त्याच भेटीत ‘खोकताना कपडे ओले होतात का?’ एवढे विचारता येईल. पुरुष डॉक्टरांसमोर न निघणारा विषय गावातल्या आशाताईंपुढे निघू शकतो. पण आशांवर आधीच कामांचा ढीग आहे. हे काम फुकटात त्यांच्या गळ्यात घालणे योग्य नाही. त्यासाठी वेगळा मोबदला हवा आणि व्यायाम शिकवण्याचे प्रशिक्षण आरोग्यसेविकांना हवे.

डॉक्टरकडे कधी जायचे?

लघवीतून रक्त, तापासह जळजळ, लघवी पूर्ण अडणे किंवा गळतीसोबत पायांत अचानक बधिरपणा येणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायामाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.