मातीचं कार्ड आहे, पण त्यात कॅडमियम कुठंय?

नगरकरांनो, काल माझं मृदा आरोग्य कार्ड पुन्हा काढून वाचलं. २०१५ ची योजना, तपासण्या १२. तांबं, जस्त आहे, पण पिकाला कमी पडतंय का एवढंच बघायला. शिसं, कॅडमियम यांचा रकानाच नाही!

कुणी म्हणेल, आपल्या काळ्या मातीतच धातू आहेत. खरंय. बेसाल्ट झिजून झालेली माती, तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच असतं. पण ती चुनखडीची, सामू सातच्या वर. धातू घट्ट धरून ठेवते, पिकाला सहज सोडत नाही. माती राखण करतेय, भर आपण घालतोय. शहराचं सांडपाणी सीनेत, तेच पुढं भाजीला. वर स्फुरद खतांतून थोडं थोडं कॅडमियम. राखणदारानं तरी किती धरायचं? पालक, मेथीसारख्या पालेभाज्या ते मुळातून ओढतात. पानात गेलेलं धुऊन जात नाही.

पालेभाजीत किलोमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम नको, हा नियम आहे. मग ती उगवते त्या मातीची तपासणी का नाही?

शेतकऱ्याला झोडपू नका. दुसरं पाणी असतं तर त्यानं नाल्याचं कशाला उचललं असतं? आधी सांडपाणी शुद्ध करा. सीनाकाठची माती, पाणी, भाजी तिन्ही तपासा. कृषी विद्यापीठ राहुरीला, आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. लपवायचं नसेल तर अडचण काय?