आटे गेले की मोठा टॅप, ही सवय सोडा

जुन्या मोटारीचे भाग मिळत नाहीत, अशी ओरड नेहमी ऐकू येते. आमच्या मते जुन्या मोटारीचे जास्त नुकसान मेलेल्या आट्यांवर केलेल्या घाईच्या इलाजाने होते. हौशी मालक सुट्टीच्या दिवशी घरी तेल बदलायला बसतो, बोल्ट पान्याखाली नुसताच फिरू लागतो, आणि मग मोटार आपल्या एखाद्या कारागिराच्या दारात येते. कारागीर एक माप मोठा टॅप मारतो, जाड बोल्ट बसवतो, दहा मिनिटांत मोकळा होतो. टेम्पोला हे चालून जाते. जुन्या स्पोर्ट्स मोटारीला ते चालत नाही, आणि का चालत नाही हे ज्या उस्तादाला ठाऊक आहे त्याच्याकडेच असे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते.

एमजी टीसीचे उदाहरण घेऊ. ही दोन माणसांची उघडी इंग्रजी मोटार १९४५ ते १९४९ या काळात अॅबिंग्डन येथे तयार झाली. तिच्यात एक्सपीएजी नावाचे १२५० सीसीचे इंजिन होते आणि पुढच्या टीडीतही तेच आले. इंजिनाच्या बोल्टची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची, त्यामुळे इंची पाना बरोबर बसतो. आटे मात्र मिलिमीटरचे! कारण असे की, १९२३ मध्ये मॉरिसने कॉव्हेंट्रीतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तिथे फ्रेंच मापाचे आटे पाडण्याची रीत होती आणि ती पुढच्या इंजिनांतही चालू राहिली.

गुंता इथेच संपत नाही. बाजारात मिळणाऱ्या ८ मिलिमीटर बोल्टचा पिच १.२५ असतो, या इंजिनातला मात्र १.० आहे. त्यात ५/१६ इंची यूएनएफ बोल्ट जाडीला ७.९४ मिलिमीटर भरतो आणि त्याला इंचाला २४ आटे असतात. इंजिनाच्या भोकात इंचाला साधारण २५. म्हणजे चुकीचा बोल्ट दोन-चार फेरे हाताने बिनबोभाट आत जातो आणि मगच अडतो. मालकाला वाटते, गंज असेल. तो पाना लावतो, जोर करतो, आणि आटे जातात. मऊ अॅल्युमिनियम असेल तर तक्रारही करत नाही. म्हणून टॅपला हात लावण्याआधी पिच गेज लावणे हे कारागिराचे पहिले काम. हे छोटे हत्यार आपल्या कितीतरी गाळ्यांत नसते, याचे नवल वाटते.

घरी आटे जाण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे तेलाच्या चेंबरचा ड्रेन बोल्ट. या इंजिनाचे चेंबर अॅल्युमिनियमचे आहे. बोल्टखालचा तांब्याचा वायसर वापरून वापरून कडक होतो, तेल पाझरते, आणि मालक वायसर बदलण्याऐवजी बोल्ट आवळतो. पुढच्या महिन्यात पुन्हा आवळतो. चेंबरच्या बुचाच्या पॅकिंगचेही तसेच. बूच दबते, बोल्ट ढिले वाटतात, आवळता आवळता चेंबरची कड वाकते. अशा वेळी आटे दुरुस्त करून दिले पण वायसर तोच ठेवला, तर मोटार परत येणार आणि दोष कारागिराच्या माथी बसणार.

इलाज कोणता? मोठा टॅप मारला की कास्टिंगमधला माल कमी होतो. पुढच्या वेळी काही करायला जागा उरत नाही आणि मूळ बोल्टही निकामी ठरतो. ज्या मोटारीची किंमतच तिच्या मूळ अवस्थेवर ठरते, तिथे हे मालकाचे सरळ नुकसान आहे. एम-सीलसारखे लुकण भरणे हा तर इलाजच नव्हे. वेल्डिंग शेवटी ठेवावे, कारण जुन्या अॅल्युमिनियममध्ये तेल मुरलेले असते आणि उष्णतेने कड वाकते. योग्य मार्ग इन्सर्टचा. स्टेनलेस तारेचे हेलिकॉइल भोकात बसवले की मूळ मापाचा बोल्ट पुन्हा चालतो, आणि ताण रुंद भोकावर पसरल्याने पकड बहुधा आधीपेक्षा चांगली होते. भोक सरळ पडले पाहिजे, टॅप त्याच इन्सर्टचा हवा, कॉइलचे वरचे टोक पृष्ठभागाच्या किंचित खाली राहिले पाहिजे. खालची आडवी शेपटी तोडून बाहेर काढायची. ती इंजिनात पडली तर दुरुस्तीचे काम बाजूला राहते आणि इंजिन खोलावे लागते. ड्रिलला ग्रीस लावले तर कीस त्याला चिकटतो, तरीही शक्य असेल तर चेंबर उतरवूनच काम करावे.

ड्रेन बोल्टला मात्र आम्ही कॉइल सुचवणार नाही. तो वारंवार उघडतो आणि कधी कधी कॉइललाच सोबत घेऊन येतो. तिथे लेथवर तयार केलेला भरीव स्टीलचा बुश बरा, आतून मूळ आटे आणि वर वायसर सपाट बसेल अशी बैठक. हे आपल्या लेथवाल्याचे काम आहे, इंग्लंडहून किट मागवण्याची गरज नाही.

आता मेहनतान्याची गोष्ट. मालकाला दहा मिनिटांचे काम दिसते, पण ८ बाय १ चा टॅप आणि इन्सर्ट नेहमी हाताशी नसतात, आणि ड्रिल भरकटले तर चेंबर कोणाकडून भरून द्यायचे? तेव्हा तपासणीचे पैसे वेगळे सांगावेत, कामाआधी सांगावेत, आणि बिलावर भोकाचे ठिकाण, आट्याचे माप व घातलेला इन्सर्ट लिहून द्यावा. पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या हाती ती मोटार गेली तर तो चुकीचा बोल्ट घालणार नाही, आणि बिलावर नाव तुमचे असेल.

मालकांसाठी एवढेच: बोल्ट आवळताना मऊ लागला की तिथेच थांबा आणि घरी ड्रिल लावू नका. तिरके पडलेले भोक सरळ करायला लेथवाला दुप्पट पैसे मागेल, आणि त्याचे मागणे रास्त असेल.