जहाजाचा धूर, समुद्राची मोरी

न्हावा शेव्याला कंटेनर पोचवणारा ट्रक ज्या डिझेलवर धावतो, त्यात एप्रिल २०२० पासून दहा लाख भागांत फक्त १० भाग गंधक चालतं. तोच कंटेनर ज्या जहाजावर चढतो, त्याच्या इंधनाला मात्र ५००० भागांची, म्हणजे ०.५० टक्क्याची मुभा! आणि ही सुधारलेली परिस्थिती आहे बरं का. १ जानेवारी २०२० पर्यंत खुल्या समुद्रात ३.५० टक्के चालत होतं. जहाजं जाळतात काय, तर रिफायनरीत सगळं चांगलं काढून घेतल्यावर तळाशी उरणारं जाड काळं तेल. ते शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात फवारताही येत नाही.

आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं मर्यादा कमी केली, हे उत्तमच. माझं भांडण आहे ते नियमातल्या पळवाटेशी. धुराड्यात स्क्रबर बसवला की जुनंच स्वस्त तेल जाळायला परवानगी! हजारो जहाजांनी तो बसवलाय. त्यातल्या बहुतेकांचा प्रकार 'ओपन लूप'. समुद्राचं पाणी उपसायचं, धुरावर फवारायचं, धुतलेलं पाणी परत समुद्रात. खोली झाडून कचरा कॉरिडॉरमध्ये लोटणारे महाभाग आपल्या हॉस्टेलवर आहेतच, त्यांना ही आयडिया लगेच कळेल.

केमिकलचे मित्र म्हणतील, गंधकाचं शेवटी सल्फेट होतं आणि समुद्रात सल्फेट आधीच भरपूर आहे. खरंय. पण त्या पाण्यात नुसतं सल्फेट नसतं. व्हॅनेडियम, निकेल आणि अर्धवट जळलेल्या तेलातली पॉलिअ‍ॅरोमॅटिक संयुगंही असतात. भर समुद्रात ती पातळ होत असतील, पण बंदराच्या कोंडलेल्या पाण्यात, खाडीच्या तोंडाशी काय? तिथंच तर मासे अंडी घालतात. आणि धुरातून कमी झालेला पदार्थ कुठंतरी जाणारच, हे वस्तुमान अक्षय्यतेचं गणित आपण अकरावीतच शिकलोय ना!

सिंगापूरनं १ जानेवारी २०२० पासूनच आपल्या बंदराच्या पाण्यात हे धुवण सोडायला बंदी घातली. व्यापार तिथला काही बसला नाही. म्हणून माझं मत असं, की किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत ओपन लूप सगळीकडेच बंद व्हावा. ज्याला स्क्रबरच हवा त्यानं 'क्लोज्ड लूप' वापरावा. त्यातला गाळ साठवून बंदरावर उतरवता येतो. खर्च येईल, मान्य. तो जहाजमालकानं भाड्यात लावावा. आज तो कोळ्याच्या जाळ्यातून वसूल होतोय.